साच्यात रेझिन किती ओतायचं?

दुकानात सिलिकॉनचे दोन साचे शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही एकाच गणपतीचे. एकातून साडेसात सेंटिमीटर उंचीची मूर्ती निघते, दुसऱ्यातून पंधरा सेंटिमीटरची. लहान मूर्तीला ६० ग्रॅम रेझिन लागतं, असं दुकानदार सांगतो. मग मोठीला किती लागेल? पटकन तोंडात येणारं उत्तर म्हणजे १२० ग्रॅम. जरा विचार करणारा २०० म्हणतो. सावध माणूस २५० वर थांबतो. खरं उत्तर आहे ४८० ग्रॅम.

चावीला लावायच्या किचेनपासून लग्नातली वरमाला जतन करणाऱ्या फ्रेमपर्यंत रेझिनचं ओतकाम आता घरोघरी चालतं. त्यात सगळ्यांना छळणारा प्रश्न हाच असतो. रेझिन आणि हार्डनर एकदा एकमेकांत मिसळले की घड्याळ सुरू होतं. मिसळलेला माल बाटलीत परत भरता येत नाही, उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. कमी पडला तर मूर्ती अर्धी राहते. नव्याने कालवून वरून ओतलं तर दोन थरांमध्ये रेघ दिसते, आणि पारदर्शक वस्तूत ती रेघ काही केल्या लपत नाही. जास्त झाला तर महागडा माल वाया जातो. शिवाय कपात उरलेला तो गोळा तापून त्रास देतो तो वेगळाच.

सुदैवाने या प्रश्नाचं उत्तर अनुभवी हाताच्या अंदाजावर सोडायची गरज नाही. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर ते काढता येतं.

दुप्पट उंची, आठपट माल

आधी त्या दोन गणपतींचा हिशोब पुरा करू. मोठा साचा उंचीला दुप्पट आहे, पण तेवढंच नाही. तो रुंदीलाही दुप्पट आहे आणि जाडीलाही. त्यामुळे आतली पोकळी दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट होते. उकडीच्या मोदकांचंही तसंच असतं. नेहमीच्या मोदकाच्या दुप्पट उंच, तसाच गुबगुबीत मोदक करायला घेतला, तर त्यात आठ मोदकांचा ऐवज जातो.

डोळ्याला मात्र हा फरक जाणवत नाही. डोळा लांबी चांगली मोजतो, घनफळात हमखास फसतो. साचा दीडपट मोठा असेल तर माल सुमारे ३.४ पट लागतो आणि तिप्पट मोठा असेल तर २७ पट. म्हणून ‘मागच्यापेक्षा थोडा मोठा साचा आहे, थोडं जास्त घेऊ’ हा हिशोब जवळजवळ नेहमी कमी पडतो. अट एकच: मोठा साचा लहान साच्याचीच सगळ्या बाजूंनी सारखी वाढवलेली प्रतिकृती असली पाहिजे. नुसती जाडी वाढली असेल तर माल त्याच पटीत वाढेल.

एका अंदाजात तीन प्रश्न

‘किती रेझिन लागेल?’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, साच्यातली पोकळी किती मिलिलिटरची आहे? दुसरा, तेवढी पोकळी भरणारं रेझिन वजनाला किती भरेल? आणि तिसरा, कप, काठी आणि हातमोजे यांना चिकटून किती वाया जाईल? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले की अंदाज चुकतो. एकेक सोडवला तर तिन्ही सोपे आहेत.

पहिला प्रश्न: पोकळी किती?

सरळ आकाराच्या साच्याला पट्टी पुरते. चौकोनी साच्याची लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार केला की घनसेंटिमीटर मिळतात, आणि १ घनसेंटिमीटर म्हणजेच १ मिलिलिटर. गोल कोस्टरसाठी त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले खोली. १० सेंटिमीटर व्यासाच्या आणि ८ मिलिमीटर खोलीच्या कोस्टरला ५ गुणिले ५ गुणिले ३.१४ गुणिले ०.८, म्हणजे सुमारे ६३ मिलिलिटर माल लागतो. शंकूच्या आकाराला याच सूत्राचा तिसरा हिस्सा धरायचा.

पण गणपतीच्या सोंडेला, कमळाच्या पाकळ्यांना किंवा शंखाच्या वळणांना कुठली पट्टी लावणार? तिथे पाणी कामाला येतं. रिकामा साचा वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि साचा काठोकाठ पाण्याने भरा. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील, तेवढे मिलिलिटर त्या साच्याची पोकळी. पाण्याचा १ मिलिलिटर जवळजवळ १ ग्रॅम भरतो, या एका सोयीवर ही सगळी पद्धत उभी आहे.

करताना दोन गोष्टींकडे बारीक लक्ष द्यावं लागतं. सिलिकॉनला पाणी चिकटत नाही, त्याचे थेंब अळूच्या पानावरच्यासारखे घरंगळतात. त्यामुळे सोंडेच्या टोकात किंवा बोटांच्या बेचक्यांत पाणी शिरतच नाही, तिथे हवेचा बुडबुडा अडकून बसतो. साचा हलकेच दाबून, वाकवून, टिचक्या मारून ती हवा बाहेर काढावी. अगदी अरुंद जागी सुई नसलेल्या सिरिंजने पाणी सोडावं.

दुसरी गोष्ट काठाची. साचा काठोकाठ भरल्यावरही पाणी लगेच सांडत नाही, काठाच्या वर फुगून उभं राहतं. कोस्टरसारख्या पसरट साच्यात ही फुगी अंदाज पार बिघडवते. १० सेंटिमीटर व्यासाच्या साच्यावर पाणी फक्त १ मिलिमीटर फुगलं तरी जवळजवळ ८ मिलिलिटर जास्त मोजलं जातं, म्हणजे मूळ ६३ च्या आठव्या हिश्शाइतकं. म्हणून डोळा साच्याच्या काठाच्या पातळीत आणून पाहावं आणि फुगलेलं पाणी सिरिंजने किंवा टिपकागदाने काढून घ्यावं. ओटा किंवा टेबल एका बाजूला कललेलं असेल तरी अशीच गफलत होते.

मोजून झालं की साचा पूर्ण कोरडा करणं हे मोजण्याइतकंच महत्त्वाचं काम. एपॉक्सी रेझिनला पाणी लागलं तर ते ढगाळ दिसतं किंवा पृष्ठभाग चिकट राहतो. पॉलियुरेथेन जातीचं रेझिन तर पाण्याला अजिबात खपवून घेत नाही. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या घटकाशी पाण्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि माल फेसाळून फुगतो. साचा फडक्याने टिपून पंख्याखाली ठेवावा. खोल नक्षीच्या साच्याला हेअर ड्रायरची हवा द्यावी. कोकणातल्या पावसाळ्यात एवढ्यावर भागत नाही, तिथे साचा आदल्या दिवशीच मोजलेला बरा.

पाणी वापरायचंच नसेल तर रवा किंवा बारीक मीठ चालतं, पण एका अटीवर: ते साच्यात सपाट भरून नंतर मोजपात्रात ओतायचं आणि मिलिलिटर वाचायचे. त्याचं वजन करून उपयोग नाही. दाण्यांच्या मधे हवा असते, त्यामुळे वजनावरून घनफळ काढलं की उत्तर चुकतं. हवेच्या या फटी साच्यात आणि मोजपात्रात साधारण सारख्याच असतात, म्हणून घनफळ मात्र बऱ्यापैकी बरोबर येतं. दाणे बारीक नक्षीत शिरत नाहीत, हे लक्षात ठेवून हा आकडा कामचलाऊ समजावा.

साचा नाही, मूर्ती आहे

कधी साचा अजून तयारच नसतो. देवघरातल्या पितळी अन्नपूर्णेची प्रतिकृती करायची आहे, मूर्ती हातात आहे आणि साच्यासाठी सिलिकॉन व आत ओतायला रेझिन किती आणायचं ते ठरवायचं आहे. अशा वेळी मूर्तीचंच घनफळ काढायचं. आर्किमिडीजच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मुकुटाच्या गोष्टीतली युक्ती इथे जशीच्या तशी लागू पडते: बुडवलेली वस्तू स्वतःच्या आकाराइतकं पाणी बाजूला सारते. पण भांड्यातलं पाणी किती चढलं ते खुणांवरून वाचण्यात चूक फार होते. त्याहून नेमकी पद्धत वजनकाट्याची आहे.

पाणी भरलेला मोठा वाडगा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. मूर्तीला दोरा बांधा, दोरा हातात धरून मूर्ती पूर्ण बुडवा, मात्र ती तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर आकडा वर चढेल. तो जितके ग्रॅम दाखवील, तितके मिलिलिटर मूर्तीचं घनफळ. इथे मूर्तीचं वजन हाताने तोललेलं असतं, काट्यावर ते येतच नाही. पाणी मूर्तीला जेवढ्या जोराने वर उचलतं, तेवढ्याच जोराने मूर्ती पाण्याला खाली दाबते. तेवढा दाबच काटा दाखवतो, आणि तो मूर्तीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका असतो.

४३० ग्रॅमची भरीव पितळी मूर्ती अशी बुडवली तर काटा सुमारे ५० दाखवील, कारण पितळेची घनता पाण्याच्या साधारण साडेआठ पट असते. त्याच मूर्तीची रेझिनची प्रतिकृती साधारण ५५ ग्रॅमची होईल, म्हणजे आठव्या हिश्शाइतकी. मूर्ती आतून पोकळ असेल तर तिच्या वजनावरून काहीच सांगता येत नाही. तळाची पोकळी चिकणमातीने बंद करून मगच ती बुडवावी. शाडूची किंवा न रंगवलेली प्लास्टरची मूर्ती पाण्यात घालूच नये. शाडू विरघळतो आणि प्लास्टर पाणी पितं. वस्तूचं त्रिमितीय डिझाइन संगणकावर असेल तर काहीच बुडवायला नको. थ्रीडी प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर घनफळाचा आकडा थेट दाखवतं.

दुसरा प्रश्न: मिलिलिटरचे ग्रॅम कसे होतात?

पोकळी ६३ मिलिलिटर निघाली म्हणून ६३ ग्रॅम रेझिन घेतलं की साचा काठाखाली राहतो. रेझिन पाण्यापेक्षा जड असतं. मिसळलेल्या एपॉक्सीची घनता बहुधा १.१ च्या आसपास असते, म्हणजे १ मिलिलिटर माल १.१ ग्रॅम भरतो. म्हणून ६३ ला १.१ ने गुणायचं: ६९ ग्रॅम. नेमका आकडा बाटलीच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. नसेल तर १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मिसळलेला माल भरून, रिकाम्या सिरिंजचं वजन वजा करून, तो स्वतःच काढता येतो.

मेणाच्या मूर्तीवरून धातू किती लागेल हे ठरवणाऱ्या ओतारींनी हाच गुणाकार शेकडो वर्षं केला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे. मेणाची मूर्ती आधी तोलायची आणि मेणाच्या वजनाच्या ठरावीक पटीत धातू घ्यायचा, असा तिथला नियम आहे. चांदीसाठी ही पट बारा आहे. आजच्या घनतांचे आकडे घेऊन पाहिलं तर मेणाच्या जागी तेवढीच चांदी भरायला साधारण अकरापट वजन लागतं. उरलेली एक पट हा वाढावा झाला. ओतकामात असा वाढावा लागतोच, आणि तिसरा प्रश्न त्याचाच आहे.

तिसरा प्रश्न: वाया किती जाणार?

बहुतेक जण सरसकट दहा टक्के जास्त घ्यायला सांगतात. मधल्या आकाराच्या साच्यांना ते चालून जातं, पण लहान साच्यांना कमी पडतं आणि मोठ्यांना जास्त होतं. कारण रेझिन ‘टक्क्यांत’ वाया जात नाही, ते कपाच्या भिंतींना चिकटून वाया जातं.

एका लहान कपाची आतून ओली झालेली जागा सुमारे १०० चौरस सेंटिमीटर धरली आणि तिच्यावर रेझिनचा अर्धा मिलिमीटर थर राहिला, तर ५ मिलिलिटर माल तिथेच अडकला. कोस्टरच्या ६३ मिलिलिटरमागे हे ८ टक्के. १२ मिलिलिटरच्या किचेनमागे मात्र ४० टक्क्यांहून जास्त! याउलट अर्धा लिटर माल मोठ्या कपात कालवला, तर भिंतींना १५ मिलिलिटरच्या आसपास चिकटेल, म्हणजे जेमतेम ३ टक्के. माल वाढतो त्या मानाने कपाची भिंत वाढत नाही.

यातून तीन गोष्टी निघतात. लहान साचे एकेक भरण्यापेक्षा सात-आठ साचे एकाच वेळी, एकाच कपातून भरावेत. लहान कामाला टक्के न लावता सरळ ५-६ ग्रॅम वाढवावेत. आणि तळाशी न मिसळलेलं रेझिन राहू नये म्हणून माल एका कपातून दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा ढवळणार असाल, तर त्या दुसऱ्या कपाचाही वाटा धरावा. आपल्या कोस्टरसाठी ६९ अधिक ६, म्हणजे ७५ ग्रॅम.

७५ ग्रॅमची विभागणी

आता हे ७५ ग्रॅम रेझिन आणि हार्डनरमध्ये वाटायचे. प्रमाण २:१ असेल तर एकूण भाग तीन, एक भाग २५ ग्रॅमचा. म्हणून रेझिन ५०, हार्डनर २५. प्रमाण ३:१ असेल तर भाग चार, हार्डनर १८.८ ग्रॅम आणि रेझिन ५६.२.

इथे एक सापळा आहे. लेबलावरचं प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, हे आधी पाहावं लागतं. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असतो. समजा, रेझिनची घनता १.१५ आहे आणि हार्डनरची ०.९७. तेव्हा मापाने २:१ म्हणजे वजनाने १०० ला ४२ होतात. तिथे कोणी वजनाने २:१, म्हणजे १०० ला ५० घेतले, तर हार्डनर जवळजवळ पाचव्या हिश्शाने जास्त पडला. हार्डनर जास्त घातल्याने माल लवकर घट्ट होईल, हा समज खोटा आहे. एपॉक्सीत रेझिनच्या रेणूंची टोकं हार्डनरच्या रेणूंना जोडली जाऊन जाळं विणलं जातं. जोडीदार न मिळालेला हार्डनर त्या जाळ्यात मोकळाच पडून राहतो आणि वस्तू मऊ किंवा चिकट राहते.

वजनकाटाही कामाला साजेसा हवा. १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजणाऱ्या काट्यावर ३.६ आणि ४.४ हे दोन्ही आकडे ४ असेच दिसतात. एका किचेनच्या मालात हार्डनर साधारण तेवढाच असतो, त्यामुळे चूक दहा टक्क्यांपर्यंत जाते. लहान कामाला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्यावा. हार्डनर चुकून ३ ग्रॅम जास्त पडला आणि प्रमाण २:१ असेल, तर ६ ग्रॅम रेझिन वाढवून हिशोब सांधता येतो. मात्र ढवळायला सुरुवात करण्याआधीच.

आत काही ठेवायचं असेल तर

रंग, चमकी किंवा सोनेरी वर्ख यांनी घनफळात फारसा फरक पडत नाही. भुकटीने पडतो. संगमरवरी दिसावं म्हणून मार्बल पावडर मिसळली, तर ती स्वतःची जागा घेते. तिची जागा तिच्या वजनावरून आणि खऱ्या घनतेवरून काढायची. डब्यात ती किती जागा व्यापते ते पाहू नये, कारण डब्यातल्या पावडरीत हवाच बरीच असते. मार्बल पावडर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, घनता सुमारे २.७. २०० मिलिलिटरच्या साच्यात १०० ग्रॅम पावडर घातली, तर तिने ३७ मिलिलिटर जागा घेतली. उरलेल्या १६३ मिलिलिटरसाठी १७९ ग्रॅम रेझिन पुरेल, वाया जाणारं वेगळं.

वाळलेल्या फुलांचं उलट आहे. वरमालेचा ढीग मोठा दिसतो, पण वाळल्यावर त्यात बहुतांश हवाच असते आणि त्या जागेत रेझिन झिरपतं. २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि ५ सेंटिमीटर खोलीच्या साच्याला ३,१२५ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३.४ किलो रेझिन लागतं. फुलं आहेत म्हणून यातून फार काही वजा करू नये. पाकळ्यांतली हवा हळूहळू वर येते आणि पहिला थर घट्ट होईपर्यंत पातळी थोडी उतरते. ती कसर पुढच्या थरात भरून निघते. फुलं मात्र आधी पूर्ण वाळलेली हवीत. ओलसर फूल रेझिनच्या आत काळवंडतं.

एवढा माल एकदम का कालवू नये?

३.४ किलोचा हिशोब बरोबर आला म्हणून तेवढं रेझिन एका बादलीत कालवणं धोक्याचं आहे. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडतं. पातळ थरातली उष्णता बाहेर निघून जाते. जाड गोळ्याच्या मधली उष्णता आतच कोंडते, तिने माल आणखी तापतो आणि क्रिया आणखी वेगाने चालते. मग माल पिवळा पडतो, तडकतो, कधी धूर निघतो, प्लास्टिकचा कप मऊ होऊन वाकतो. म्हणूनच प्रत्येक रेझिनच्या लेबलावर एका वेळी किती जाड थर ओतावा याची मर्यादा दिलेली असते. वरमालेची फ्रेम चार थरांत करायची असेल तर दर थराला साधारण ८६० ग्रॅम आणि कपाला चिकटणारा वाढावा. हा वाढावा चारही वेळा धरायचा.

हवामानही हिशोबात येतं. तापमान १० अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. २५ अंशांना गृहीत धरून लिहिलेली ‘४० मिनिटं’ मे महिन्यात नागपूरच्या तापलेल्या खोलीत निम्म्याहूनही कमी उरतात. अशा दिवसांत माल थोडा थोडा आणि पहाटे कालवावा.

याच कारणाने उरलेलं रेझिन कपात तसंच सोडू नये. ते जुन्या ताटलीत किंवा प्लास्टिकवर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावं आणि मग कचऱ्यात टाकावं, मोरीत कधीही ओतू नये. त्याहून चांगली सोय म्हणजे बटणं, मणी, किचेन यांचा एखादा साचा कायम शेजारी तयार ठेवायचा. उरलेले दहा-वीस ग्रॅम त्यात जिरतात. कालवताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. कच्च्या रेझिनची ॲलर्जी एकदा जडली की सहसा पाठ सोडत नाही.

साच्याच्या सिलिकॉनचा हिशोब

साचा घरी करायचा असेल तर तेच गणित उलटं चालवायचं: डब्याचं घनफळ वजा मूर्तीचं घनफळ. आपली अन्नपूर्णा ८ सेंटिमीटर उंच, ५ रुंद आणि ४ जाड आहे असं धरू. चारी बाजूंनी आणि वर सिलिकॉनचा सव्वा सेंटिमीटरच्या आसपास थर हवा. साडेसात गुणिले साडेसहा सेंटिमीटर तळाचा चौकोनी डबा सव्वानऊ सेंटिमीटरपर्यंत भरला, तर ४५१ मिलिलिटर होतात. त्यातून मूर्तीचे ५० वजा केले की ४०१. साडेसात सेंटिमीटर व्यासाचा गोल डबा घेतला तर हेच काम ३५९ मिलिलिटरमध्ये होतं. चौकोनी डब्याच्या चारही कोपऱ्यांत बिनकामाचं सिलिकॉन साठतं, तेवढं वाचलं. मिलिलिटरचे ग्रॅम करायला सिलिकॉनच्या डब्यावर लिहिलेल्या घनतेने गुणावं. त्याच जातीच्या जुन्या, टाकाऊ साच्याचे तुकडे करून मूर्तीपासून लांब, डब्याच्या कडेला घातले, तरी नवं सिलिकॉन त्यांना धरून ठेवतं आणि आणखी बचत होते.

थोडक्यात

• साचा काट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरा. ग्रॅम तेवढे मिलिलिटर. फुगलेलं पाणी काढून टाका.
• आलेल्या आकड्याला रेझिनच्या घनतेने गुणा. एपॉक्सीसाठी साधारण १.१.
• वाढावा: लहान कामाला ५-६ ग्रॅम, अर्धा लिटर किंवा जास्त असेल तर ३ ते ५ टक्के.
• भुकटी मिसळणार असाल तर तिचं वजन भागिले तिची घनता, एवढी जागा वजा करा. वाळलेल्या फुलांसाठी काही वजा करू नका.
• एकूण वजन प्रमाणानुसार वाटा. प्रमाण वजनाचं की मापाचं, ते लेबलावर पाहा.
• लेबलावरच्या जाडीपेक्षा जास्त माल एका वेळी ओतू नका.
• ओतण्याआधी साचा खडखडीत कोरडा हवा.

हे सगळं गणित एका साच्यासाठी एकदाच करायचं आहे. पहिली वस्तू साच्यातून निघाली की कडेची कोर काढून तिचं वजन करा. साच्याला नेमकं किती रेझिन लागलं, ते त्या आकड्यातच आहे. सिलिकॉनवर मार्करची शाई टिकत नाही, म्हणून साच्याचं नाव, रेझिनचा प्रकार, वस्तूचं वजन आणि कपात उरलेला माल अशा चार रकान्यांची एक वही ठेवा. त्या वहीत साचा एकदा चढला की पुढच्या वेळी त्याच्यासाठी पाणीही भरावं लागत नाही.